अकरा मिनिटं

नव्या इमारतीला काचाच काचा.
दारं वाढली, सामानाचे पट्टे वाढले,
रांगेला वळसे घ्यायला ऐसपैस जागा झाली.
धावपट्टी मात्र तीच, एकुलती,
तीही आधी हवाई दलाची, मग आमची.
सकाळी लढाऊ विमानं कानठळ्या बसवून निघून जातात
तोवर कोची, जयपूर, नागपूर
एकमेकांच्या शेपटाला नाक लावून उभी.

मी विलास खांदवे, लोहगावचाच.
काम पक्षी हाकलायचं.
जीप, फटाके, शिट्टी
आणि एक नोंदवही:
तारीख, वेळ, पक्षी, संख्या, मिनिटं.
घारी जास्त.
भिंतीपलीकडं कुणी कोंबडीची आतडी फेकतं
आणि दीडशे माणसं पट्टे बांधून
वाघोलीवर घिरट्या घालत बसतात.

मार्चात दिल्लीची माणसं आली,
हातात घड्याळं.
विमान टेकल्यापासून धावपट्टी सोडेपर्यंत
किती सेकंद, तीन दिवस मोजत होती.
म्हणाली, बाहेर पडायचा रस्ता तिरका केला
तर प्रत्येकी चाळीस सेकंद सुटतील,
चाळीस-चाळीस जोडत गेलं
की तासाला दोन विमानं जास्त.
मला पटलं. आमची भिशी अशीच चालते.

रस्त्याची आखणी झाली. चुन्याची रेघ.
रेघेवरच, खड्यांत खडे होऊन,
टिटवीची चार अंडी.
पाय पडणारच होता माझा.

वहीत अंड्यांना रकाना नाही.
टोपीत घेतली. गरम होती.
कुंपणाबाहेर कोरड्या ओढ्याच्या काठी
तसलेच खडे हुडकले,
तशीच मांडली, टोकं आत करून,
तिनं मांडली होती तशी.
साहेबांना सांगितलं, झालं साफ.

दुसऱ्या दिवशी सहा दहाचं नागपूर
धावपट्टीच्या टोकाला, इंजिनं तापलेली.
ती आली.
ओढ्याकडं नाही, रेघेवर.
मी जीप घातली, शिट्टी मारली, फटाका लावला.
ती उडाली आणि तिथंच उतरली.
मग पंख मोडल्याचं सोंग घेऊन
फरफटत निघाली माझ्यापुढं,
मला लांब लांब नेत राहिली
जिथं आता काहीच नव्हतं, तिथून.

टॉवरवरून आवाज: खांदवे, किती वेळ?
म्हटलं, पाच मिनिटं.
मग म्हटलं, अजून तीन.
मग काहीच म्हटलं नाही.

काचेआड घोषणा झाली असणार,
तांत्रिक कारणामुळे.
कुणाची मुलाखत असेल, कुणी दहाव्याला निघालेलं,
कुणी नुसतंच चिडकं.
नागपूर उशिरा, म्हणून तेच विमान पुढं इंदूरला उशिरा,
रात्री कुठल्याशा गावात
झाकून ठेवलेलं ताट गार.
एवढं सगळं
वीतभर पक्ष्याच्या मागं.

आमच्यात म्हणतात, टिटवी पाय वर करून निजते,
आभाळ पडलंच तर पेलायला.
लोक हसतात तिला.
त्या दिल्लीच्या तक्त्यातही आभाळच होतं,
तासातासाच्या चौकोनांत बसवलेलं,
आणि ते पेलणारे आम्ही,
टॉवर, जीप, शिट्टी.
मला काही हसू आलं नाही.

वहीत लिहिलं:
टिटवी. एक. अकरा मिनिटं.
शेरा या रकान्यात बराच वेळ पेन धरला,
मग एक आडवी रेघ मारली.

चौथ्या दिवशी ओढ्यावर जाऊन आलो.
काय दिसलं ते सांगत नाही.

तिरका रस्ता पावसाळ्याआधी झाला.
विमानं खरंच पटकन बाहेर पडतात आता,
चाळीस नाही, पण तीस सेकंद सुटतात.
चांगलं झालं, माझाही भाचा त्यातनंच जातो बंगळूरला,
परवा वेळेआधी पोचला तर घ्यायला कुणी नव्हतं.

त्या जागेवरून जाताना
मी जीप जरा कडेनं घेतो.
साहेब म्हणतात, खांदवे, सरळ ने की,
उगाच वेळ जातो.